शेवटच्या चार षटकांचं कुलूप

शेवटची चार षटकं उरली आणि मी ग्रुपला कुलूप लावलं.

कुलूप म्हणजे मोबाइलमधलं. ग्रुपच्या सेटिंगमध्ये एक सोय असते. ती चालू केली की ॲडमिनशिवाय कोणालाच काही लिहिता येत नाही. ॲडमिन मी. सामना न्यूझीलंडमध्ये होता, आपल्याला चोवीस चेंडूंत चौतीस धावा हव्या होत्या आणि चार गडी शिल्लक होते. आमच्याकडे नाशिकला रविवारची दुपार, सव्वादोनची वेळ. मोबाइल तांब्याला टेकवून मी जेवायच्या टेबलाशी बसले होते आणि ताटातला भात केव्हाच गार झाला होता.

हे कुलूप आलं ते रामनाथ कासारांमुळे. कासार वीज कंपनीतून वायरमन म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी खांबावर चढण्यात गेली, म्हणून की काय, निवृत्तीनंतर त्यांनी डोंगर धरले. दर रविवारी एकटेच पहाटेच्या एसटीने कुठल्या तरी डोंगरावर जायचे. सोबत भाकरी, पाण्याची बाटली आणि खिशातला रेडिओ. आता गंमत अशी की रेडिओवरचं समालोचन आमच्या मोबाइलवरच्या चित्रापेक्षा अर्धं मिनिट पुढे असतं. आमच्या चित्रात गोलंदाज अजून धावत येत असायचा आणि कासारांचा मेसेज येऊन पडायचा, ‘गेला!’ एकदा एका अटीतटीच्या सामन्यात शेवटच्या चेंडूवरचा षटकार त्यांनी असा आधीच सांगून टाकला. त्या दिवशी ग्रुपमध्ये जी काही भांडणं झाली ती पाहून मीच ठराव मांडला, की शेवटच्या चार षटकांत कुलूप. ठराव पंधरा विरुद्ध दोन असा मंजूर झाला. विरोधातलं एक मत कासारांचं. दुसरं इस्माईलभाईंचं.

इस्माईल तांबोळी भद्रकालीत घड्याळं दुरुस्त करतात. आठवडाभर डोळ्याला भिंग लावून बसायचं आणि रविवारी आंबेवणीच्या धरणावर गळ टाकून बसायचं, हा त्यांचा नेम. धरणावर नेटवर्क यथातथाच. चित्र दिसत नाही, फोन लागला तर लागतो, मेसेज मात्र जातात आणि येतात. त्यामुळे सामन्याची हकिकत त्यांना ग्रुपवरूनच कळायची आणि ग्रुप बंद झाला की त्यांची पंचाईत. म्हणून मग कुलूप असताना मी स्वतः त्यांच्यासाठी दर षटकानंतर धावसंख्या लिहायचं कबूल केलं होतं. दिलेला शब्द मी पाळते. शाळेत अठ्ठावीस वर्षं गणित शिकवल्यावर माणसाला नियमांची सवय होते, आणि दुसऱ्यांना त्याचा जाच होतो हेही मला ठाऊक आहे.

ग्रुपचं नाव ‘चौथा दिवस’. इथल्या मैदानावर एक रणजी सामना अगदी रटाळ होत गेला होता आणि चौथ्या दिवशी प्रेक्षकांत आम्ही सतराच टाळकी उरलो होतो. उन्हात एकमेकांच्या छत्र्यांखाली सरकत, शेंगा वाटून खात ओळखी झाल्या. तेव्हापासून हा ग्रुप. नाव क्रिकेटचं, पण गप्पा सगळ्या बाहेरच्या. कुणाच्या गच्चीवर टोमॅटो लागले, कुणी सायकलवरून सिन्नरला जाऊन आला, कुणाचा गुडघा धरला, गॅसचा सिलिंडर कधी येणार. मी अधूनमधून ‘विषयाला धरून लिहा’ असं बजावायची. कुणी ऐकायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते वाचायला आवडायचं.

त्या रविवारीही सकाळपासून हेच चाललं होतं. इस्माईलभाईंनी एका वितभर माशाचा फोटो टाकला. त्यावर कासारांनी लिहिलं, की एवढ्याशा माशाला पकडायला धरण कशाला लागतं, बादली पुरे झाली असती. इस्माईलभाईंनी उत्तर दिलं, की बादलीत मासा सापडेल, पण तुमच्यासारखा दोस्त सापडणार नाही, तो डोंगरावरच शोधावा लागतो. मग कासारांनी नेहमीप्रमाणे आपला फोटो टाकला. खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं, आत उतरणारी एक पायरी, आणि खाली दोनच शब्द, ‘ओळखा पाहू’. हा त्यांचा दर रविवारचा खेळ. कुठल्या डोंगरावर आहेत ते सांगायचे नाहीत. आम्ही तर्क लढवायचे आणि सामना संपला की ते उत्तर जाहीर करणार. बहुतेकांनी सोनारमाळ म्हटलं. मीही सोनारमाळच म्हटलं.

तर मी कुलूप लावलं आणि पहिल्या षटकाची धावसंख्या लिहिली. दुसऱ्या षटकात आपल्या एका फलंदाजाच्या हातावर चेंडू बसला. खेळ थांबला. आपल्या संघाचा फिजिओ धावत आला, पट्ट्या बांधणं सुरू झालं. मी ताट उचलून मोरीत ठेवावं म्हणून उठले, तेवढ्यात मोबाइलच्या वरच्या कडेला पट्टी उमटली. कासारांचा मेसेज, खास मला पाठवलेला.

‘ताई ग्रुप उघडा. इस्माईलभाईंना एक सांगायचंय.’

मी बोटाने ती पट्टी बाजूला सारली. लगेच दुसरी आली.

‘ताई लवकर.’

मला रागच आला. सगळ्यांनी मिळून केलेला नियम, आणि हे गृहस्थ मागच्या दाराने येऊ बघतात. रेडिओवर काहीतरी कळलेलं दिसतंय आणि ते इस्माईलभाईंच्या तोंडावर फेकल्याशिवाय यांना भाकरी पचायची नाही. मी तीही पट्टी सारली आणि खुर्ची पुढे ओढली. एवढंच. याला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला नसेल.

सामना आपण जिंकला. दोन चेंडू राखून. मी कुलूप काढलं आणि ग्रुपवर मेसेजचा पूर आला. अर्ध्या तासाने कुणीतरी विचारलं, की कासार, उत्तर सांगा ना, सोनारमाळ की नाही? उत्तर आलं नाही. मी लिहिलं, ‘रुसलेत. मी कुलूप उघडलं नाही म्हणून.’ त्यावर सगळे हसले. ते वाक्य अजून ग्रुपवर आहे. मी ते पुसलं नाही.

चार वाजता विमलताईंचा फोन आला. विमलताई म्हणजे कासारांच्या पत्नी. त्यांना मी दोन-तीनदाच भेटले होते. कमी बोलणारी, अंगाने किरकोळ बाई. त्यांनी आधी सामन्याबद्दल विचारलं, म्हणजे आपण जिंकलो का, आणि मग म्हणाल्या, “ताई, तुमच्या ग्रुपवर यांचं काही आलंय का? अडीच-तीनला खाली उतरले की फोन करतात मला. आज आला नाही. मी लावते तर बंद लागतोय.”

मी म्हटलं, बॅटरी संपली असेल. त्या म्हणाल्या, बॅटरी संपली तर ते एसटी स्टँडवरच्या टपरीतून कुणाचा तरी फोन मागून करतात, पण करतात. मग म्हणाल्या, “कुठल्या डोंगरावर गेलेत ते मला माहीत नाही. मला सांगितलं तर मी जाऊ देत नाही ना.”

फोन ठेवल्यावर मी कासारांचा मेसेज उघडला. सव्वादोन ते अडीचच्या मधले दोन मेसेज. त्यानंतर काही नाही. तरी मी स्वतःला समजावलं, की हा तर चेष्टेचा मेसेज आहे. त्याचा याच्याशी काय संबंध?

मी ग्रुपवर लिहिलं, की कासार अजून खाली आलेले नाहीत, फोन बंद आहे, सगळ्यांनी तो टाक्याचा फोटो नीट बघा. सगळे कामाला लागले. सोनारमाळ, असंच जवळजवळ सगळ्यांचं मत पडलं. एकाने आपला जुना फोटो शोधून टाकला, त्यातही टाकं होतं, त्यालाही पायरी होती. पायऱ्या दोन होत्या की एक, यावर चर्चा सुरू झाली. मी थांबले नाही. गाडी काढली, पंचवटीत जाऊन विमलताईंना घेतलं आणि त्र्यंबक रस्त्याला लागले.

विमलताईंनी मांडीवर एक पिशवी धरली होती. त्यात त्यांनी थर्मास, एक चादर आणि कासारांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या होत्या. रविवारची संध्याकाळ, रस्त्याला गर्दी. मी हॉर्न वाजवत होते आणि घड्याळ बघत होते. फेब्रुवारीचा सूर्य साडेसहापर्यंत टिकतो. त्यानंतर डोंगरावर माणूस शोधायचा म्हणजे अवघड. सोनारमाळेच्या पायथ्याशी पोचायला पाऊण तास, वर चढायला तास. बेरीज काही केल्या जमत नव्हती.

“पाय घसरला असेल का हो?” विमलताईंनी विचारलं. “या दिवसांत गवत वाळून गुळगुळीत होतं. मागं एकदा ते सांगत होते.”

मी म्हटलं, काही होत नाही, उशीर झाला असेल.

“कुणाला काही कळवलं असेल का त्यांनी? तुमच्या ग्रुपवर सोडून दुसरं कुणाला?”

यावर मी काय केलं ते लिहायला मला अजून जड जातं. मी गिअर बदलला. समोरच्या टेम्पोला हॉर्न दिला. मी खोटं बोलत नाही ही माझी आयुष्यभराची मिजास आहे. घरात, शाळेत, नातेवाइकांत सगळे मला त्यासाठी वचकून असतात. मी खोटं बोलले नाही. मी नुसती गप्प बसले, आणि तेवढ्यात पुढे सिग्नल लागला म्हणून त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

पण डोकं गप्प बसेना. इस्माईलभाईंना एक सांगायचंय. काय सांगायचं होतं? मी सामना आठवू लागले. मेसेज आला तेव्हा मी ताट घेऊन उठले होते. का उठले होते? तर खेळ थांबला होता. फलंदाजाच्या हाताला लागलं होतं, फिजिओ पट्ट्या बांधत होता, चांगली पाच मिनिटं मैदानावर काही घडतच नव्हतं. आमच्या चित्रात नाही, तर रेडिओवरही नाही. अर्धं मिनिट पुढे असो नाहीतर मागे, त्या वेळी कासारांकडे सांगण्यासारखा एक चेंडूसुद्धा नव्हता.

म्हणजे ते सामन्याबद्दल काही सांगत नव्हते.

मग इस्माईलभाईच का? ग्रुपमध्ये आम्ही सतरा जण. त्यातले पंधरा त्या वेळी आपापल्या घरात पंख्याखाली बसलेले. एकटे इस्माईलभाई बाहेर होते, आंबेवणीच्या धरणावर, आणि कुलूप असल्यामुळे माझ्या धावसंख्येसाठी मोबाइल हातात धरून बसले होते, हे कासारांना पक्कं माहीत होतं. आंबेवणी दिंडोरीच्या बाजूला. धरणाच्या वर धारोबाचा डोंगर आहे. आम्ही निघालो होतो ते बरोबर उलट दिशेला.

रसवंतीच्या एका मांडवापुढे मी गाडी बाजूला घेतली. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

“काय झालं?” विमलताई म्हणाल्या.

मी मोबाइल उघडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पिशवीतून काढला, डोळ्यांना लावला आणि दोन्ही मेसेज सावकाश वाचले. मला वाटतं त्यांनी ते दोनदा वाचले.

इथे मला एक पळवाट होती. मेसेज मी पट्टीवर वाचला होता, उघडला चार वाजता. आत्ताच दिसला, असं मी म्हटलं असतं तर जगातल्या कुणालाही कळलं नसतं. ते सुचलंही होतं. पण मी म्हटलं, “हा आला तेव्हाच मी वाचला होता. अडीचच्या आधी. मला वाटलं ते मॅचचं काहीतरी सांगतायत. मी उघडला नाही ग्रुप. आणि मघाशी तुम्ही विचारलंत तेव्हाही बोलले नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मोबाइल परत दिला, चष्मा घडी घालून पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, “गाडी फिरवा.”

फिरवण्याआधी मी इस्माईलभाईंना फोन लावला. लागला नाही. दुसऱ्यांदा लावला, लागला नाही. मग मी ग्रुपवर लिहिलं, ‘इस्माईलभाई, कासार बहुतेक धारोबाच्या डोंगरावर आहेत. पडलेत असं वाटतंय. तुम्ही खाली आहात. वर जा. माणसं घेऊन जा. बाकी कोणीही आता काही लिहू नका.’ पाठवलं आणि मोबाइल विमलताईंकडे दिला. म्हटलं, त्यांचं उत्तर आलं की मोठ्याने वाचा.

नाशिक पुन्हा ओलांडून दिंडोरी रस्त्याला लागेपर्यंत उत्तर आलं नाही. सूर्य आता डाव्या बाजूच्या काचेतून तिरपा आत येत होता. सतरा माणसांचा ग्रुप इतका गप्प मी कधी पाहिला नव्हता. कुलूप नव्हतं, तरी एक अक्षर कोणी लिहीत नव्हतं. इस्माईलभाई घरी परत निघाले असतील का, हा विचार माझ्या मनात दर दोन मिनिटांनी येत होता. सामना संपला म्हणजे ते साधारण साडेतीनला गळ गुंडाळतात. विमलताईंना मी हे सांगितलं नाही. सांगून काय उपयोग होता?

पाच चाळीसला त्यांनी वाचलं, “निघालो वर. दोन पोरं घेतली वाडीतली.”

मग कितीतरी वेळ काही नाही. विमलताई मोबाइलची काच बोटाने जागी ठेवत होत्या, विझायला आली की पुन्हा टेकवायच्या. दिंडोरीच्या अलीकडे एकदा त्यांनी थर्मासचं झाकण उघडून पुन्हा घट्ट केलं. मी माफी मागायची तर कशाकशाबद्दल मागायची, हेच अजून ठरलेलं नव्हतं.

धरणाच्या भिंतीपाशी पोचलो तेव्हा मोबाइल पुन्हा वाजला. “सापडले,” त्यांनी वाचलं. “जिवंत आहेत. पाय वाईट आहे.”

त्यांना वाडीतल्या चादरीच्या झोळीत घालून खाली आणलं तोवर उजेड जवळजवळ संपला होता. इस्माईलभाई पुढे होते, त्यांचा सदरा फाटलेला आणि गुडघे मातीने भरलेले. कासार शुद्धीवर होते. ओठ सुकून फुटले होते. उजवा पाय घोट्यापाशी भलत्याच बाजूला वळला होता आणि पाऊल काळंनिळं दिसत होतं. विमलताईंनी त्यांच्या तोंडात चमचा-चमचा पाणी घातलं. कासारांनी माझ्याकडे पाहून हसायचा प्रयत्न केला आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, “ताई, जिंकलो का मंग?”

मी मान हलवली.

पुढचं थोडक्यात सांगते. नाशिकच्या एका इस्पितळात त्यांना नेलं. घोटा मोडून निखळला होता आणि पावलाचा रक्तपुरवठा तुटला होता. डॉक्टरांनी तीन दिवस वाट पाहिली आणि चौथ्या दिवशी पाऊल काढलं. बाहेरच्या बाकावर मी, विमलताई आणि इस्माईलभाई बसलो होतो तेव्हा ते तरुण डॉक्टर सहज बोलावं तसं बोलून गेले, “दोन-तीन तास आधी आणलं असतं तर वाचलं असतं हो.” इस्माईलभाई उठून खिडकीशी गेले. ते सामना संपल्यावरही साडेपाचपर्यंत त्या धरणावर बसून राहिले होते, कारण त्या दिवशी मासे चांगले लागत होते. “माझ्या डोक्यावर होता भाभी तो,” ते म्हणाले. “मी खाली मासे मोजत होतो आणि तो माझ्या डोक्यावर पडला होता.” त्यांना अपराधी वाटायचं काही कारण नव्हतं. कारण माझ्याकडे होतं, आणि ते विमलताईंनाच माहीत होतं.

तीन तास त्या बाकावर बसून मी ठरवलं. कासार जरा सावरले की त्यांना सांगायचं. सगळ्या ग्रुपलाही सांगायचं आणि ॲडमिनपद सोडायचं. चहा घ्यायच्या निमित्ताने मी विमलताईंना बाजूला नेलं आणि हे बोलून दाखवलं. मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा इतके दिवस साठलेलं एकदाचं बोलून टाकतील. मी तयारीत होते. खरं तर मला ते हवंच होतं.

त्या म्हणाल्या, “नका सांगू.”

मी म्हटलं, मला खोटं जमत नाही हो.

“जमवा,” त्या म्हणाल्या. “मला विचारत होते काल. म्हणे तिथं टॉवर नव्हता, मेसेज गेलाच नसेल, ताईंना मिळाला असता तर त्यांनी लगेच उघडला असता. तसंच राहू दे. डोंगर गेले त्यांचे. घरात मी आणि भिंती. तुमचा तो ग्रुप तेवढा राहिलाय. तुम्ही सांगून मोकळ्या व्हाल, आणि ते उद्यापासून तुमच्याशी काय बोलणार? तोही काढून घेऊ नका त्यांच्याकडून.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्या माझ्यासाठी काही करत नव्हत्या, आणि तसं भासवतही नव्हत्या.

याला आता नऊ वर्षं झाली. मागच्या पावसाळ्यात कासार गेले, घरीच, झोपेत. हे लिहू का, असं मी विमलताईंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, आता तुमचं तुम्ही बघा. म्हणून लिहितेय. पण संपवायचं ते एप्रिलमधल्या त्या दुपारपाशी, कासार घरी आल्यानंतर मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा.

ते बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते. पाय स्टुलावर, त्यावर पांघरूण. आधी बराच वेळ सामन्यांच्या, टोमॅटोंच्या, सिलिंडरच्या गप्पा झाल्या. ग्रुपवर आता कुलूप लावत नाही असं ऐकलं, ते का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कंटाळा आला. ते म्हणाले, “छे, लावत जा. मी आता घरात बसून चित्रच बघतो ना. मला कुणी आधी सांगितलेलं नाही चालायचं.” आणि स्वतःच्याच विनोदावर हसले.

विमलताई चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

“एक विचारू का ताई?” कासार म्हणाले. “त्या दिवशी मी तुम्हाला मेसेज टाकला होता. ग्रुप उघडा म्हणून. दोन टाकले. इस्माईलचा नंबर माझ्याकडं नव्हता, ग्रुपातून कसा काढायचा ते मला येत नाही. फोन तर लागतच नव्हता. वाटलं, ताई उघडतील, मी लिहीन, तो खालीच आहे, वीस मिनिटांत वर येईल. हिला कळायच्या आत घरी. पडलो म्हणून तुम्हाला लिहिलं नाही, म्हटलं बाईमाणूस घाबरेल. मंग बॅटरीच गेली. मिळाला होता का तो तुम्हाला तेव्हा?”

ते माझ्याकडे बघत होते. उत्तराची त्यांना फार घाई नव्हती. विमलताई माझ्याकडे बघत नव्हत्या, कपातल्या चहाकडे बघत होत्या.

“नाही,” मी म्हटलं. “नंतर मिळाला. चार वाजता.”

कासारांनी खुर्चीत मान मागे टेकवली. त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला, की मला खाली बघावं लागलं.

“वाटलंच मला,” ते म्हणाले. “हिला मी म्हणालोच होतो. ताई वाचून गप्प बसणाऱ्यांतल्या नाहीत.”

विमलताई पुढे आल्या आणि त्यांनी कप माझ्या हातात दिला. त्यात साखर घातलेली होती. मी बिनसाखरेचा घेते, पण तो मी सगळा प्यायले.